पाइपाला कान लावणारे मामा

आमच्या जळकोटात पाइपलाइन जोडणाऱ्या मिस्त्रींना लहानथोर सगळे मामाच म्हणतात. काम कसलंही असो, मामा आधी पाइपाला कान लावतात आणि हातानंच आपल्याला गप्प बसवतात.

उन्हाळ्यात आमच्या वांग्यांच्या शेवटच्या चार ओळींना पाणी पोचत नव्हतं, रोपं माना टाकायला लागली होती. मामांनी पाइपाच्या वळणावरच्या काटकोनी जोडाला, एल्बोला, कान लावला.

"पाणी हितं भांडतंय."

मी घरातला पहिला बीएस्सी. न राहवून सांगितलं, "मामा, याला टर्ब्युलन्स म्हणतात. एकदम वळवलं की पाण्यात भोवरे होतात, जोर वाया जातो."

"एवढं ठावं हाय, तर एल्बो बसिवला कुणी?"

"मीच."

मामा पोट धरून हसले. मग एल्बो कापून त्यांनी पाइप तुराट्यांच्या धगीवर मऊ केला आणि गोलाईत वाकवला. मोटर लावली. पाणी शेवटच्या ओळीत शिरलं, तशी मी चप्पल काढून चिखलातच उभा राहिलो.

आता मामा गिऱ्हाइकांना ऐटीत सांगतात, "ह्येला टर्ब्युलन्स म्हणत्यात. आमच्या बीएस्सीनं शिकिवलंय."

एल्बो कुणी बसवला होता, ते मात्र त्यांनी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.