खिडकीची बाजू आणि हीटरची बाजू

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. तीच माणसं दर मंगळवारी त्याच टेबलाभोवती बसायला लागली, की ते आपोआप साठतात. ओट्याखाली रिकाम्या बरण्या साठतात ना, तसे. टाकवतही नाहीत आणि ठेवायला जागाही नसते. तर आज थोड्या बरण्या बाहेर काढते.

२०१४ ते २०१७ मी कोलोनमध्ये पीएचडी करत होते. लॅबमध्ये सगळे इंग्लिश बोलायचे, त्यामुळे माझं जर्मन बेकरीच्या पुढे सरकत नव्हतं. कुणीतरी सुचवलं म्हणून एका चर्चच्या मागच्या खोलीत भरणाऱ्या चर्चा-गटात जायला लागले. मंगळवार, दुपारी चार, कॉफी-केक फुकट! विषय मात्र जड होता. माणूस एखादी गोष्ट खरी मानतो ती कशाच्या जोरावर? जुन्या ग्रीकांसारखं तपासून, तर्क लढवून, की जुन्या हिब्रू लोकांसारखं आधी शब्द देऊन?

ग्रीकांची बाजू हेर, म्हणजे श्रीयुत, हार्टमन लढवायचे. शाळेत जन्मभर ग्रीक शिकवून निवृत्त झालेले, उंच, इस्त्रीचा शर्ट. त्यांचं म्हणणं, "आधी समजू द्या, मग मानेन." समोर फ्राऊ, म्हणजे श्रीमती, आडलर. यहुदी, पंच्याहत्तरीच्या, हिब्रूचे वर्ग घेणाऱ्या. त्यांचं म्हणणं, "आधी करा. समजेल नंतर. नाहीच समजलं तरी काम तर झालेलं असतं!" बाकी आम्ही सहा-सात जण केक खात दोघांकडे आळीपाळीने बघायचो.

*

पहिल्या दिवशी मी थंडीने काकडत पोचले आणि सरळ हीटरला पाठ लावून बसले. पुढचे तीन महिने सगळे माझ्याशी फार जपून बोलत होते. देवाबद्दल कुणी काही तिरकस बोललं, की लगेच माझ्याकडे वळून "एन्टशुल्डिगुंग, माफ करा हं" म्हणायचं. मला वाटलं, परदेशी म्हणून आदर करतात.

शेवटी फ्राऊ आडलरनी उलगडा केला. खिडकीकडची बाजू ग्रीकवाल्यांची, हीटरकडची हिब्रूवाल्यांची. ज्याने त्याने आपापला पक्ष बघून बसायचं.

"पण मी काही श्रद्धेपोटी नाही बसले इथे," मी म्हटलं, "मला थंडी वाजत होती!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे बहुतेकांची सुरुवात अशीच होते."

*

आता हार्टमनच्या वादाला घरची एक बाजू होती, ती सांगायला हवी. त्यांची बायको गिझेला वर्षभरापासून हाइममध्ये, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहात होती. मोठा स्ट्रोक येऊन गेलेला, वाचा पूर्ण गेलेली. ती माणसं ओळखते की नाही, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येईना. मुलगी म्युनिकला. "पपा, तिथे एकटे राहू नका, इकडे या," म्हणून मागे लागलेली. त्यांनी तिला सांगितलं, "तुझी आई मला ओळखत असेल तर मी इथून हलणार नाही. ओळखत नसेल तर येतो. आधी तपासू दे."

आणि खरंच तपासायला घेतलं! रोज हाइममध्ये जायचं आणि गिझेलासमोर दोन फोटो धरायचे. एक स्वतःचा आणि एक त्याच वयाच्या कुणा परक्याचा, सलूनच्या जाहिरातीतून कापलेला. कुठला फोटो डावीकडे, कुठला उजवीकडे, हे रोज नाणं उडवून ठरवायचं, म्हणजे बाजूचा परिणाम नको. ती आधी कुणाकडे बघते ते वहीत लिहायचं.

त्यांनी हे आम्हाला सांगितलं ते अगदी प्रयोगशाळेतल्या सुरात. मला ऐकून संताप आला. बायको आहे की उंदीर!

फ्राऊ आडलरनी एवढंच विचारलं, "तो सलूनवाला तुमच्यापेक्षा देखणा नाही ना?"

"हो, तो मुद्दा मी पहिल्याच पानावर नोंदवलाय," हार्टमन म्हणाले.

*

एका मंगळवारी खोलीतला आगीचा अलार्म वाजायला लागला. हीटरची बाजू तत्काळ उठली आणि कोट घेऊन अंगणात गेली. मीही गेले. आता मला सवय झाली होती.

खिडकीची बाजू आतच! धूर दिसतोय का, वास येतोय का, अलार्म वाजणं आणि आग लागणं यांचा संबंध किती पक्का, यावर हार्टमननी रीतसर चर्चा सुरू केली. बाहेरून आम्हाला काचेतून त्यांचे हातवारे दिसत होते. पाच मिनिटांनी कळलं, की शेजारच्या स्वयंपाकघरात कुणीतरी टोस्ट जाळला होता.

हार्टमन खिडकी उघडून जवळजवळ ओरडलेच, "बघा! आग नव्हती! आमचा निष्कर्ष बरोबर होता!"

"शंभर टक्के बरोबर," फ्राऊ आडलर अंगणातून म्हणाल्या. "पण केक आम्ही घेऊन आलोय."

दोन मिनिटांत ग्रीक बाजू झाडून सगळी अंगणात होती.

*

हार्टमन एकदा फारच पेटले होते. त्यांनी फ्राऊ आडलरना थेट विचारलं, "तुम्ही रोज प्रार्थना करता. तो उत्तर देतो?"

"नाही."

"कधीच नाही?"

"चाळीस वर्षं मी त्याच्याशी भांडतेय. तारखेनिशी तक्रारी आहेत माझ्याकडे. एकाचंही उत्तर नाही."

"मग तर्काने बघितलं तर तुम्ही हे थांबवायला हवं!"

"थांबवते की," त्या म्हणाल्या. "पण मग एवढ्या तक्रारी घेऊन जाऊ कुणाकडे? तुमच्याकडे?"

हार्टमननी घाईघाईने कॉफीचा कप तोंडाला लावला.

*

माझ्या सासूबाई नाशिकहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. घरात बसून कंटाळल्या म्हणून एका मंगळवारी त्यांनाही घेऊन गेले. त्यांनी नारळाच्या वड्यांचा डबा बरोबर घेतला होता. दोन्हीकडून भाषांतर करायचं काम अर्थातच माझ्यावर.

वड्या देवाला दाखवून आणल्यात, हे कळल्यावर हार्टमनना राहवेना. "विचारा त्यांना, देव खातो का?"

"अहो आई, ते विचारतायत, देव खातो का म्हणून."

"खात नाही, दिसतंय की मला. डबा भरलेलाच असतो. पण न विचारता पहिला घास घेतला तर मला तो उतरत नाही, असं सांग त्यांना."

मी सांगितलं. फ्राऊ आडलरनी टेबलावर हात आपटला. "इतक्या वर्षांनी आमच्या पक्षात एक माणूस आला! आणि येताना खाऊ घेऊन आला!"

मग आईंनी मला खालच्या आवाजात विचारलं, की यांच्या घरी कोण असतं. मी गिझेलाचं आणि त्या फोटोंचं सगळं सांगितलं. त्या वडी हातात तशीच धरून ऐकत होत्या. मग हार्टमनकडे बघून सरळ मराठीतच म्हणाल्या, "परीक्षा घेताय ते तिला सांगितलंय का? पेपर आहे हे पोराला तरी माहीत असतं!"

भाषांतर करताना माझी जीभ अडखळली. हार्टमननी आपली वडी कागदी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. "गिझेलाला नारळ आवडतो," म्हणाले. "आल्झो, म्हणजे, आवडायचा."

तेव्हापासून माझा त्यांच्यावरचा राग गेला. का गेला, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

*

महिन्याभराने ते वही घेऊन आले. त्या दिवशी वादाला विषय ठरवलेला नव्हता. त्यांनी उभं राहून, वर्गात वाचावं तसं वाचलं.

"एकूण साठ नोंदी. तीस वेळा ती आधी माझ्याकडे बघते. तीस वेळा सलूनवाल्याकडे. निष्कर्ष: ती मला ओळखते याचा काहीही पुरावा नाही."

वही मिटली आणि बसले. केक कुणी कापेना. मला फार वाईट वाटत होतं, आणि जर्मनमध्ये काय म्हणायचं ते सुचत नव्हतं. मराठीतही सुचलं नसतं.

फ्राऊ आडलरनी विचारलं, "मुलीला कळवलंत?"

"कालच. तिने माझी खोली तयार ठेवली आहे."

"मग म्युनिकला कधी निघताय?"

"एवढ्यात जमणार नाही," हार्टमन म्हणाले. "गिझेलाचे डोळे तपासून तीन वर्षं झाली आहेत. चष्म्याचा नंबर चुकीचा असेल तर सगळी चाचणीच बाद धरावी लागेल. डोळ्यांच्या डॉक्टरांची सोमवारची टेर्मिन घेतली आहे."

"आणि नवा चष्मा लावूनही तीस-तीसच आले तर?"

हार्टमननी सुरी उचलली आणि केक कापायला घेतला.

"मग कान तपासू."