नोटिशीच्या आधी अडोबो

मस्कतच्या गाला भागातल्या आमच्या कंपनीत नोटिसा मी लिहिते. इंग्रजी बरं आहे म्हणून. माझे बाबा युनियनचं काम करायचे. घरात पत्रकांचे गठ्ठे असत आणि त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी चित्रं काढत मोठी झाले. त्यामुळे मॅनेजरसाहेबांनी "पँट्रीत उग्र वासाचे पदार्थ गरम करू नयेत, अशी एक नोटीस टाक" म्हटलं तेव्हा ती कोणाविरुद्ध आहे हे मला वाक्य संपायच्या आत कळलं.

सेल्सची कागदपत्रं बघणारी फिलिपिनो बाई सहा वर्षं त्या पँट्रीत जेवत होती. कधी सुकी मासळी, कधी व्हिनेगरमधलं चिकन. नोटीस लागली तर तिला जेवायला जागाच नव्हती. गाडी नाही, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आजूबाजूला गॅरेजं. उरला जिना.

"सर, हा भेदभाव आहे," मी म्हटलं.

"भेदभाव कसला? वासाला देश नसतो." साहेब पुण्याचे. वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं.

तक्रार केली होती स्टोअरकीपर चाचांनी, म्हणजे अस्सल रत्नागिरीच्या माणसाने. वादी अदाईतल्या त्यांच्या खोलीत दर शुक्रवारी बोंबील भाजतात. पार्किंगमध्ये उतरताच कळतं. मी तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "पोरी, ते घरचं. घरच्याला वास नसतो."

मी त्या बाईला सगळं सांगून टाकलं. ती चिडेल, मग मी दोन पानी अर्ज लिहीन, सह्या गोळा करीन, असा माझा बेत. ती म्हणाली, "मॅम, यांनी कधी खाल्लंय का? गुरुवारी मी सगळ्यांना वाढते. मग लावू दे नोटीस." अर्ज वाया गेला याचं मला जरा वाईटच वाटलं.

गुरुवारी टेबलावर डबे लागले. पहिल्यांदा खाणाऱ्यांना एकदम घाबरवायचं नसतं, म्हणून तिने क्रम ठरवला होता. आधी लुम्पिया, बोटाएवढे कुरकुरीत रोल. साहेबांसाठी भाजीचे वेगळे, वेगळ्या तेलात तळलेले. साहेबांनी तीनदा विचारलं, "अंडं नाही ना?" आणि अकरा खाल्ले. मग अडोबो: लसूण, मिरी, सोया सॉस आणि व्हिनेगरमध्ये मुरलेलं चिकन. मग सिनिगांग, चिंचेचं आंबट गरम सार, त्यात मुळा, पालेभाजी आणि कोळंबी.

आपली माणसं परक्या ताटावर बसली की परीक्षक होतात. "छान आहे, पण फोडणी हवी होती." "कांदा-लिंबू नाही का?" अकाउंट्सच्या दादांनी बॅगेतून लसणीची चटणी काढली आणि अडोबोवर शिंपडून जाहीर केलं, "आत्ता चव आली." इतकं बोलून सगळ्यांनी दोनदा वाढून घेतलं. तिला मात्र कोणी बस म्हटलं नाही. मीही नाही. मी तिच्या हक्कांबद्दल विचार करत होते.

शेवटी तिने बागुंग काढलं. खारवून मुरवलेली बारीक कोळंबी, जांभळट, कैरीच्या फोडींबरोबर खायची. झाकण उघडताच खोली मागे सरकली. चाचा पुढे झाले. एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि तिसरी उचलली.

"काय चाचा?"

"काय नाय. कैरी आंबट आहे." डोळे मात्र वाटीवरच.

जेवण झाल्यावर साहेबांनी निकाल दिला. "फार सुंदर. तर असं करू, दर गुरुवारी तिने हे सगळ्यांसाठी आणावं. बाकी दिवस नोटीस."

टाळ्या पडल्या. ढेकरांसह.

"नो, सर," ती म्हणाली. "मला रोज माझंच जेवायचंय." आणि डबे घासायला गेली.

मी नोटीस लिहायला नकार दिला. आवाज चढवून, तत्त्वासाठी. साहेब म्हणाले, "बरं, मीच लिहितो." चार मिनिटं लागली त्यांना.

रविवारी कामाचा आठवडा सुरू झाला तेव्हा नोटीस मायक्रोवेव्हवर चिकटलेली होती. एक वाजता बाईने वाचली, डबा छातीशी धरला आणि जिन्याकडे निघाली. मी माझ्या खुर्चीत मनातल्या मनात दुसरं पत्रक जुळवत होते. चाचा उठले. त्यांनी आपला डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला, तीन मिनिटं लावली आणि दारात हाताची घडी घालून उभे राहिले. बोंबील तापले. वास कॅबिनपर्यंत गेला.

साहेब नाक धरून बाहेर आले. "ही कसली घाण?"

"ही आपली, साहेब. रत्नागिरीची. लावा नोटीस."

साहेबांनी चाचांकडे बघितलं. तीन गोदामांच्या किल्ल्या चाचांच्या कमरेला होत्या आणि कुठला माल कुठे आहे हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. साहेब पुढे आले, कागद ओढून काढला आणि म्हणाले, "एक्झॉस्ट फॅन लावून घ्या कोणीतरी."

चाचांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "ओ मॅडम, यल्ला, चला! मशीन खाली झालंय."

ती आली, पण आधी त्यांच्या डब्यात डोकावून तिने एक बोंबील उचलला.

"मीठ जास्त आहे," ती म्हणाली, आणि आपला डबा आत सरकवला.