दसऱ्याची गाठ आणि सहा लाल बाटले

नव्वदीच्या सुरुवातीला एका परदेशी कंपनीला सिल्वासात ऑफिस उघडायची इच्छा झाली. करमाफीचा वास फार दूरवर जातो. सामरवरणीच्या रस्त्यावर एका शेठची इमारत त्यांनी भाड्याने घेतली आणि ऑफिस सांभाळायला मला नेमलं. नवरा इथल्या सरकारी शाळेत शिक्षक. त्याच्यामागे मुंबईची नोकरी सोडून आल्यापासून दोन वर्षं मी शेजारणींच्या पापडांचं कौतुक करण्यात घालवली होती. त्यामुळे ही नोकरी मला हवीच होती. अट एकच: तिकडचा साहेब येऊन आगीचा बंदोबस्त तपासणार. त्याने सही केली तर ऑफिस इथे, नाहीतर दमणला. म्हणजे मी पुन्हा पापडांकडे.

साहेबाच्या आधी त्याची फाइल आली, उशीएवढी जाड. आग लागल्यावर घाबरू नये, हे तिच्यात तीनदा लिहिलं होतं. मी फाइल पानापानाने पाळली. मागच्या दारासमोरचं शेठचं कपाट हटवलं, जिन्यात बाण रंगवले, वाळूच्या बादल्या टांगल्या, आग विझवायचे सहा लाल बाटले भिंतीवर लावले.

"बेन, एवढी तयारी तर मी मुलीच्या लग्नाला पण नाय केली," शेठ म्हणाले.

मग दसरा आला. इथे कारखान्यात दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. आमच्याकडे यंत्रं नव्हती. एक टाइपरायटर होता आणि हे सहा बाटले. आमचा धुळ्याचा इलेक्ट्रिशियन भाविक माणूस. त्याने बाटल्यांना कुंकू लावलं, झेंडू घातला आणि पूजेचा लाल दोरा मुठीला आणि पिनेला मिळून सात वेढे देऊन घट्ट बांधला. ही पिन ओढल्याशिवाय बाटला चालत नाही, हे फाइलमध्ये चित्रासकट होतं. मी तिथेच उभी होते. फाफडा-जलेबी खात होते. छान दिसतंय, असंही म्हणाले.

तिसऱ्या दिवशी साहेब आला. त्याने अंगणात पत्र्याच्या ट्रेमध्ये चिंध्या पेटवल्या, घड्याळ काढलं आणि कोणीतरी मिनिटात विझवा, असं सांगितलं. इलेक्ट्रिशियन बाटला घेऊन धावला, ट्रेसमोर थांबला आणि गाठ सोडवू लागला.

"अरे, काप ना!"

"कापू नही ताई, दसरानी गाठ से."

"आग लागलीय!"

"सोडस ना मी. दोनच वेढा राहिनात."

पाच राहिले होते. साहेब घड्याळाकडे बघत होता. शेठ देवाचं नाव घेत होते, बहुधा भाड्यासाठी. मी भिंतीवरची वाळूची बादली काढली आणि ट्रेवर उपडी केली. वाळूबरोबर दसऱ्याच्या अर्धवट जळलेल्या उदबत्त्याही पडल्या, पण आग विझली.

"पन्नास सेकंद," साहेब म्हणाला. मग त्याने दोऱ्याकडे बोट दाखवलं. "हे काय?"

देव, दसरा, खंडेनवमी हे सगळं इंग्रजीत सांगायला माझ्याकडे वेळ नव्हता. "जास्तीचं सील," मी म्हणाले. "इथली पद्धत आहे."

साहेबाने गंभीरपणे लिहून घेतलं. सही करतो, पण संध्याकाळपर्यंत सहाही सीलं निघाली पाहिजेत, मी बघूनच जाणार, असं तो म्हणाला. मी ड्रॉवरमधून कात्री काढली. इलेक्ट्रिशियनचा चेहरा असा झाला, की मी ती परत ठेवली आणि त्याच्या शेजारी बसले. शेठही धोतर सावरून बसले. उरलेले चाळीस वेढे आम्ही तिघांनी नखांनी सोडवले. साहेब खुर्ची टाकून बघत होता. त्याला वाटलं असावं, ही फारच उत्तम प्रतीची सीलं आहेत. पाचच्या सुमाराला त्याने सही केली.

चार महिन्यांनी मुख्य कचेरीचं परिपत्रक आलं, जगभरातल्या सगळ्या शाखांना: बाटल्याच्या पिनेवर लाल दोऱ्याचं जास्तीचं सील लावू नये. थंडीत कुडकुडणाऱ्या कुठल्या तरी शाखेत माझ्यासारखीच एखादी बाई ते वाचून आपले बाटले तपासत असेल, याचं मला वाईट वाटलं.

मी ते परिपत्रक फाइलला लावलं. पुढच्या दसऱ्याला बाटल्यांच्या बाजूला भिंतीत सहा खिळे ठोकून घेतले आणि इलेक्ट्रिशियनला सांगितलं, दोरा खिळ्याला बांध, देवाला कळतं. फाफडा मी सगळ्या गाठी तपासून झाल्यावर खाल्ला.