बँकेत कुणाचा नंबर

वडील गेल्यावर आईच्या फॅमिली पेन्शनचे कागद मीच भरले. कारखान्याच्या ऑफिसात असले अर्ज माझ्या टेबलावरून रोज जातात, त्यामुळे हात बसलेला. मोबाइल नंबराच्या चौकटीत मी माझा नंबर लिहिला. आईला विचारलं नाही. विचारायला हवं हे डोक्यातही आलं नाही. आमच्या कारखान्यावाल्या घरांमधून हीच रीत आहे. म्हाताऱ्या माणसाच्या खात्यावर घरातल्या हुशार समजल्या जाणाऱ्या माणसाचा नंबर टाकायचा. शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या फोनवर सासू, सासरे आणि आत्या अशी तीन खाती वाजतात. आईकडे तेव्हा बटणांचा फोन होता आणि तोही बहुतेक वेळ बंद. म्हणजे माझं बरोबरच होतं.

आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात आई दीक्षितपुऱ्याच्या जुन्या वस्तीत एकटी राहते. वय चौऱ्याहत्तर, गुडघे सोडले तर प्रकृती चांगली. बँकेने तिला नवं कार्ड दिलं, यंत्राला नुसतं टेकवायचं, लहान रकमेला पिनही लागत नाही. ते तिने दोन दिवसांत आत्मसात केलं. दुकानात ती कार्ड टेकवायची आणि इकडे कांचघरच्या ऑफिसात माझ्या टेबलावर फोन थरथरायचा. रक्कम, दुकानाचं नाव, वेळ. मी लगेच फोन करायची. ओमतीच्या बाजारात इतक्या उन्हात काय करतेस? रिक्षाने गेलीस का पायी? औषधाच्या दुकानात काय घेतलं, काही होतंय का? मला ही सोय वाटत होती. एकट्या राहणाऱ्या आईची खबर घरबसल्या मिळते आहे, आणखी काय हवं.

एकदा अठराशे रुपयांचा मेसेज आला. विचारलं, तर तिने पर्स घेतली होती. खांद्याला लावायची, तपकिरी, आत तीन कप्पे. एवढं ती आनंदाने सांगत होती. मी विचारलं, "तुला जायचंय कुठे ती घेऊन?"

ती म्हणाली, हो, तेही आहेच. दुसऱ्या दिवशी तिने पर्स परत केली. पैसे परत जमा झाल्याचा मेसेजही मलाच आला. मी तो वाचला आणि समाधानाने पुढची फाइल ओढली.

त्यानंतर कार्ड गप्प झालं. महिन्याच्या सुरुवातीला एटीएममधून एकदम मोठी रक्कम निघायची आणि मग काही नाही. मी त्याच्यावरही बोलले. घरात एवढी रोकड ठेवून एकटीने राहायचं म्हणजे चोराला आमंत्रण, असं काहीतरी. ती ऐकून घ्यायची. भांडायची तिला सवय नाही, आणि मला ऐकून न घेण्याची आहे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी तिच्याकडे गेले, तर तिने माझ्या मुलाचा जुना स्मार्टफोन माझ्यापुढे ठेवला. तिचं सिम आता त्यातच आहे, त्यावर ती कीर्तनं बघते. म्हणाली, मला ते फोनवालं पेमेंट करून दे.

मी सरळ नाही म्हटलं आणि कारणंही दिली. कार्ड हरवलं तर एका फोनवर बंद करता येतं. कार्डावर दिवसाची मर्यादा घालता येते. फोनवर लोक लिंका पाठवतात, लॉटरी लागली म्हणतात, वीज कापू म्हणतात, आणि शिकलेली माणसं फसतात. चष्मा न लावता एखादं शून्य जास्त पडलं तर? कारणं सगळी खरी होती, आजही खरी आहेत. आई शेंगा सोलत ऐकत होती.

माझं संपल्यावर तिने विचारलं, "फोनवालं चालू करायला बँकेत माझा नंबर लागते ना?"

"लागतो. म्हणूनच म्हणते, भानगड आहे. बँकेत जावं लागेल."

"मग जाऊ."

तेव्हा मला शंका आली. तिला फोनचं कौतुक नव्हतं. तिला नंबर बदलून हवा होता आणि फोन हा तिथवर जायचा रस्ता होता. मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. भाजीवाल्याने, म्हणाली. त्याच्या आईचंही असंच होतं म्हणे.

"माझ्या नंबराने काय त्रास आहे तुला?"

तिने शेंगांची टरफलं गोळा केली आणि तितक्याच शांतपणे बोलली. "कार्ड टेकवलं की तुझा फोन येते. पैसे काढले की येते. दुकानदार हसून राहिला परवा, म्हणे माताजी, बिटिया का टाइम हो गया. मग मी काहून जाऊ बाजारात? तूच जात जा."

यावर मी तिच्या सुरक्षिततेबद्दल पुन्हा काही बोलले. माझ्याच कानाला ते ऑफिसातल्या परिपत्रकासारखं वाटलं, म्हणून थांबले.

सोमवारी अर्धी रजा टाकून तिला बँकेत नेलं. काउंटरवरच्या दीदींनी अर्ज माझ्याकडे सरकवला, प्रश्नही मलाच विचारले. नंबर काहून बदलता, बेटीचाच राहू द्या, आजकाल किती फसवणूक होते, असं त्या हिंदीत मला समजावत होत्या. माझीच कारणं, माझ्याच क्रमाने. मला बरं वाटायला हवं होतं. आई मधे बोलली.

"खाता मेरा है, मुझसे पूछिए।"

दीदी नरमल्या. म्हणाल्या, माताजी, बेटी के नंबर में दिक्कत क्या है?

"दिक्कत कुछ नहीं। मेरा भी नंबर है।"

अर्ज मी भरायला घेतला होता, तो तिने आपल्याकडे ओढला. दहा आकडे तिने एकेक करून लिहिले, मग पाकिटातल्या चिठ्ठीशी ताडून पाहिले. मागे रांग होती. मी घड्याळ पाहिलं नाही, ही त्या दिवशीची माझी एकमेव चांगली गोष्ट.

नंबर लागायला दोन दिवस गेले. मग तिच्या स्वयंपाकघरात बसून मी फोनवरचं सुरू करून दिलं. गंमत म्हणजे त्यालाही कार्डच लागलं. त्यावरचे शेवटचे आकडे टाकल्याशिवाय फोन पुढे जाईना. म्हणजे इतके दिवस आम्ही दोघी कार्ड की फोन असा वाद घालत होतो आणि त्या दोघांचं आपसात ठीक चाललं होतं. पिन टाकायची वेळ आली तेव्हा आई थांबली.

"तिकडं पाह्य," म्हणाली.

मी तिची पेन्शन लावली, तिचे आधार, पॅन, वारसाचे अर्ज सगळं माझ्या कपाटात आहे. तरी मी खिडकीकडे पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घातले होते. ते मोजून होतील इतका वेळ तिने घेतला.

आता चार-पाच महिने झाले. मधे एकदा तिला वीज कापण्याचा फोन आला होता. तिने त्याला बिल भरल्याची तारीख सांगितली आणि फोन ठेवला. मला हे आठवडाभराने कळलं, तेही बोलता बोलता. राग आला. लगेच का नाही सांगितलंस म्हणून विचारणार होते, पण सांगून मी काय वेगळं केलं असतं ते सुचेना. काळजी कमी झालेली नाही. फक्त तिचा हिशेब आता माझ्याकडे येत नाही, आणि ऑफिसात दुपारी फोन थरथरला तर तो बहुधा कुठल्यातरी जाहिरातीचा असतो.

काल एका कामासाठी तिला फोन केला. मागे वर्दळ होती, हॉर्न, कुणाशी तरी हसणं, आणि मग फोनवरून पैसे आले की दुकानात बोलते त्या डबीतल्या बाईचा आवाज, "एक सौ चालीस रुपये प्राप्त हुए।" कुठल्या दुकानात आणि कशाचे, हे विचारायला तोंड उघडलं होतं.

"बोल," आई म्हणाली, "काय काम होतं?"

गॅसवाला तिच्याकडे बारानंतर येणार आहे, एवढं सांगितलं आणि फोन ठेवला.