संत तुकाराम नगर ते चाकण, न उकळता

लोक लेह-लडाखचं लिहितात. मी संत तुकाराम नगर ते चाकण लिहितोय, आणि आमच्या जीपला विचाराल तर हेच जास्त अवघड आहे. जीप जुनी, डिझेलची. मागं मम्मीचे डबे असतात, चाकणच्या कंपन्यांतल्या पोरांसाठी. मोशीच्या ट्रॅफिकमधे जीप हमखास उकळते, डबे उशिरा पोचतात, पोरं गेटवर वडापाव खाऊन मोकळी. परवा पप्पा म्हणाले, "अजून एकदा उकळली की भंगारवाल्याला फोन." मम्मी पोळ्या लाटत राहिली. ते बघून मी चावी उचलली.

पहिला स्टॉप चिखली, बापूंचं गॅरेज. रस्ता खड्ड्यांचा, पण कोपऱ्यावरची मिसळ खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका. आमच्या जीपचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं पाणी अडवणारा-सोडणारा वॉल, बापूंनीच मागं काढून टाकलेला. त्यांच्या दारावर अशा काढलेल्या थर्मोस्टॅटची माळच लटकते, शिकाऱ्याच्या घरात शिंगं असतात तशी. त्यांचं म्हणणं, आपल्याकडं काय बर्फ पडतो का, वॉल काढला की पाणी मोकळं फिरतं, गाडी गार.

मी म्हटलं, "बापू, दार अडकतंय म्हणून संडासचं दारच काढलं व्हय?"

ते हसले आणि माळच हातात दिली. आमचा लगेच सापडला. पप्पा कंपनीत क्वालिटीला होते, अजूनही पास झालेल्या प्रत्येक वस्तूला पिवळ्या पेंटचा ठिपका देतात. घरातला कुकरसुद्धा सुटलेला नाही. ठिपक्याशेजारी आकडा कोरलेला होता, ८२.

दुसरा स्टॉप पिंपरी, स्पेअर पार्टचं दुकान. काउंटरवर ताई. मी जुना पुढं केला आणि डोकं लावलं, "ताई, ७१ चा द्या ना. गाडी गरम होते, कमी डिग्रीचा बरा."

"पोराला ताप आला की बर्फात झोपवतोस का?" ताई म्हणाल्या. मग समजावलं. इंजिन किती गरम झाल्यावर रेडिएटरचं दार उघडायचं, एवढंच तो आकडा सांगतो. कमीचा टाकला तर इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त पितं. आणि आमच्या इंजिनात पाण्याला रेडिएटर चुकवून जायची एक आडवाट असते, वॉल उघडला की त्याचं खालचं झाकण ती बंद करतं. वॉलच नाही, म्हणून गरम पाणी रेडिएटरला न जाता आडवाटेनं परत इंजिनात. त्यामुळं आकडा जुन्यावरचाच घ्या, आणि उंचीही जुन्याशी लावून बघा.

नवा टेस्ट करायला शेजारच्या चहावाल्याकडून पातेलंभर पाणी उकळून घेतलं, दोऱ्यानं वॉल आत सोडला. एका गिऱ्हाइकानं विचारलं हे काय. मी म्हटलं, "चाकण स्पेशल मसाला." तो चहा न घेताच गेला. चहावाल्यानं मला पळीनं हाणलं, पण वॉल उघडला. जुना सोडला तर तो शेवटपर्यंत मुका, उघडलाच नाही. मग नवं गॅस्केट, नळाच्या पाण्याऐवजी कुलंट, आणि नवा वॉल बापूंकडूनच बसवून घेतला. माळेत जुना परत लटकवून आलो.

दुसऱ्या दिवशी डबे भरून निघालो. पप्पा शेजारी, पायात पाण्याचे दोन कॅन, नजर टेंपरेचरच्या काट्यावर. मोशीला जॅम. काटा चढला. अर्ध्यावर आला. पप्पांनी कॅनचं झाकण सैल केलं. काटा जरासा खाली आला आणि तिथंच बसला. दार उघडलं होतं.

तळेगाव चौकात परत जॅम. तिथं मी तोंडानं हळूच "श्श्श्श" केलं. पप्पा कॅन घेऊन खाली उतरले, बॉनेट उघडलं, बघितलं, आणि परत येऊन माझ्या टाळक्यात दिली. गेटवर पोचलो तेव्हा पोरांची सुट्टी व्हायची होती. एकजण म्हणाला, "आज काय राव, घड्याळ बिघडलं का तुमचं?"

घरी आल्यावर मम्मीनं भरलेले कॅन बघितले. म्हणाली, "यांच्या जागी अजून डबे बसतील."

पप्पा पेंटचा पेन घेऊन खाली गेले. मी मागोमाग. त्यांनी थर्मोस्टॅटच्या झाकणावर पिवळा ठिपका दिला, फुंकर मारली. मग मी कपाळ पुढं केलं.

"तू अजून रिजेक्टमधेच," म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.