झेलम नव्हे

"तुनं ऐमलले काश्मिरी काऊन सांगतलं?"

"मंग काय, साक्षगंधात अफगाणिस्तान काढू? तुह्ये सासरचे ताटावरून उठले असते."

"उठले असते त उठू देले असते. लगन माह्यं हाये, आई."

"अन् घर माह्यं हाये."

साखरपुड्याचे पाहुणे नुकतेच गेले होते. छायाबाई उरलेली जिलबी डब्यात भरत होत्या, आकांक्षा ओट्याला टेकून उभी होती.

छायाबाईंचं माहेर रोहणा, संत्र्याच्या बागांचं गाव. नवरा गेल्यावर त्यांनी पिपरी मेघेतल्या घरी मेस काढली, वरची खोली भाड्यानं दिली. तिथं ऐमल आला, अफगाणिस्तानातून हिंदी शिकायला. चांगला उंचपुरा, ताट स्वतः घासणारा. पठाण ठेवला म्हटलं तर मेसची पोरं जातील, या भीतीनं छायाबाईंनी गल्लीत श्रीनगर सांगून टाकलं. गल्लीत कोणी खोदून विचारलं नाही.

यंदा संत्र्याचा आंबिया बहार फुलला तेव्हा त्या त्याला रोहण्याला घेऊन गेल्या. झाडाखाली तो म्हणाला, "मौसी, ये तो मेरे शहर की खुशबू है." मग काडीनं मातीत जलालाबाद काढलं. ही काबूल नदी, डोंगरातून उतरून तिला मिळणारी ही कुनार, मध्ये नारिंगाच्या बागा. शहर अकबराच्या काळातलं, त्याच्याही आधी तिथं बुद्धाचे विहार. बहार आला की कवी जमतात. छायाबाईंनी पदरानं डोळे पुसले होते. "माहा पोरगाच हायेस तू," म्हणाल्या होत्या.

आज साक्षगंधातही त्यांनी श्रीनगरच सांगितलं, तेव्हा व्याह्यांनी ऐमलला सहज विचारलं, "श्रीनगरले कोणती नदी हो?"

ऐमलच्या हातात मठ्ठ्याचा जग. त्यानं छायाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घालून पापड मोडला.

"झेलम," तो म्हणाला.

"कसं म्हणलं असंन त्यानं," आकांक्षा म्हणाली. "अन् तू पापड मोडून राह्यली होती."

छायाबाईंच्या हातातला झारा थांबला. दारात ऐमल उभा होता, धुतलेले ग्लास घेऊन. किती ऐकलं त्यानं, कळेना.

"बेटा, लग्नात मी सांगीन सगळ्यायले. खरं गाव. काबूल नदी, अन् थे दुसरी..."

दुसरीचं नाव त्यांना आठवेना. "काय नाव रे तिचं?"

ऐमलनं ग्लास एकेक करून पालथे घातले, चपला पायात सरकवल्या आणि फाटक लोटून निघून गेला.