चोरून लावायची वेल

कौदी शिवायला बसलं की चिंध्या कमी पडतात, किस्से कधी कमी पडत नाहीत. गोधडीला आमच्या बीदरकडे कौदी म्हणतात. निजामाच्या राज्यात, चौबाऱ्याच्या बुरुजाजवळच्या आमच्या गल्लीत, दर मंगळवारी दुपारी आम्ही चौघी जणी गंगाक्काच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या दालनात, कौदी शिवायला जमायचो. इतक्या वर्षांत कौद्या किती झाल्या ते मात्र विचारू नका, कारण अर्धा वेळ आमचं लक्ष तिच्या खिडकीतल्या वेलीकडे असायचं. माझी सून मला विचारते, एका वेलीच्या एवढ्या गोष्टी कशा हो तुमच्याकडे? आता वेल एक असली तरी चोर अनेक होते, त्याला मी काय करू!

वेल गंगाक्काच्या माहेरची. तिच्या आईनं लावलेली. आई गेली, भावांनी घर विकलं, तेव्हा वाट्याला काहीही न मागता ही वेल तेवढी मांडीवर घेऊन ती टांग्यातून सासरी आली. वेलीचं खरं नाव आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. पानं जाड आणि चकचकीत, फुलं मेणाची केल्यासारखी, गुच्छानं लोंबणारी. संध्याकाळ झाली की घरभर वास. म्हणून आम्ही मेणवेल म्हणायचो. ऊन नको, मोठी कुंडी नको; बिदरी हुक्क्याच्या एका काळ्या जुन्या बुडात, म्हणजे पाणी भरायच्या भांड्यात, ती दाटीवाटीनं राहायची आणि खुशाल असायची.

"हिच्यात माझी आई हाय," असं गंगाक्का सरळ म्हणायची. एरवी आम्ही तिच्या प्रत्येक बोलण्यावर हसायचो, या बोलण्यावर कधी हसलो नाही.

*

या वेलीचा एक कायदा होता. ती कुणी मागायची नाही आणि कुणी द्यायची नाही. चोरून लावली तरच धरते, दिलेली वाढत नाही. असं गंगाक्काच्या आईनं सांगितलेलं, म्हणजे त्यावर अपील नाही.

पण ज्याच्या घरी चोरी व्हायची त्यानं थोडी मदत केली तर चालायचं. पहिली चोरी माझी. गंगाक्का सुई खोचून उठली आणि म्हणाली, "शकू, मी चहा टाकायला जाते. कात्री डब्यात हाय. टोकाकडची दोन पेरं पुरे. चीक येतोय, पदराला लावून घेऊ नगंस."

एवढं सगळं सांगून ती काही बघायचं नाही म्हणून आत गेली. मी फांदी कापली. आतून आवाज आला, झालं का गं? मी पटकन 'व्हय' म्हणाले आणि जीभ चावली. चोरानं ओ द्यायची नसते.

मग गंगाक्का म्हणाली, "मला काही ऐकू आलं न्हाई."

*

दुसरी चोर रझिया आपा, वकीलसाहेबांची बायको. ती पडद्याच्या टांग्यातून यायची आणि बुरख्यातून परत जायची, त्यामुळे तिनं किती नेलं हे कधीच कळलं नाही. गंगाक्का चहा घेऊन बाहेर आली तेव्हा वेल एका अंगानं चांगलीच हलकी झाली होती. गंगाक्का नुसतं म्हणाली की आज वारा बराच आहे.

आपानं ती वेल नवऱ्याच्या मेजावरच्या खिडकीच्या दांडीला चढवली. चौथ्या वर्षी गुच्छ आले. आता या फुलांची एक खोड आहे: त्यांतून मधासारखा चिकट थेंब गळतो. वकीलसाहेब खाली बसून कागद लिहीत, वरून थेंब कागदावर. त्यांना वाटलं छत गळतंय. उन्हाळ्यात कुठलं छत गळतं, हा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण ते शेतीच्या दाव्यात बुडालेले होते.

दुसऱ्या दिवशी कोर्टात त्यांनी बस्ता उघडला तर त्यातून मुंग्यांची रांग निघाली, ती थेट मुन्सफांच्या मेजावर चढली. मुन्सफांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "वकीलसाब, कागजां तो बहुत मीठे हैं तुम्हारे. दलील भी देखेंगे."

दावा वकीलसाहेबांनी जिंकला. तेव्हापासून मोठा खटला असला की ते स्वतःच त्या वेलीखाली जाऊन बसायला लागले, असं आपा सांगायची.

*

माझ्या वेलीला पाचव्या वर्षी पहिला गुच्छ आला. मी आठ दिवस लोकांना बोलावून दाखवत होते. नवव्या दिवशी बघते तर गुच्छ देव्हाऱ्यात महादेवाच्या डोक्यावर! आमच्या सासूबाईंनी देठासकट खुडला होता.

गंगाक्कानं तर बजावून ठेवलं होतं की फुलं गळली तरी तो देठ तोडायचा नाही. पुढच्या वर्षी त्याच देठावर परत फुलं येतात. आता हे तिला सांगणार कोण? शेवटी मीच सांगितलं. ती महिनाभर आमच्या घराची पायरी चढली नाही. चढली ती थेट देव्हाऱ्याकडे गेली, हात जोडले आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "महादेवा, पुढच्या साली मागू नगंस. पुढच्या सालचं बी तू यंदाच घेतलास."

सासूबाईंनी त्यानंतर देवाला पारिजातक वाहिला.

*

आता सरूबाई. या मैलूरच्या, गणिताच्या मास्तरांच्या बायको. कोसभर चालत यायच्या. इतकी सरळ बाई मी पाहिली नाही. आमच्या चिंध्यांतली एक चिंधी चुकून त्यांच्या पिशवीत गेली तर ती परत द्यायला त्या भर उन्हात निघून येत.

त्यांना वेल फार हवी होती. गंगाक्का त्यांच्यासाठी लागोपाठ पाच मंगळवार चहा टाकायला गेली. एकदा तर इतका वेळ आत बसली की दूध उतू जाऊन चूल विझली. बाहेर येऊन बघते तर वेल जशीच्या तशी, आणि सरूबाई कात्री हातात धरून घामाघूम. हात पुढे होतो, पण बोटं मिटत नाहीत, असं त्या म्हणाल्या.

सहाव्या मंगळवारी त्यांनी ते केलं जे कुणी करायचं नसतं. त्यांनी मागितली. "अक्का, मला एक फांदी द्या."

आमच्या सुया थांबल्या. गंगाक्काचं तोंड उतरलं. आता नाही म्हणावं तर दारी आलेल्या बाईला नाही म्हटलं असं होतं, आणि द्यावी तर कायदा मोडतो. शेवटी वैतागून तिनं एक पान हिसकलं. खोडाची बारीक साल त्याच्या देठाला लागून आली. ते सरूबाईंच्या तळहातावर ठेवून ती म्हणाली, "घे. दिलेली हाय. वाढायची न्हाई."

आणि खरंच वाढली नाही! मेली असती तरी बरं. ते पान कपातल्या मातीत रुजलं, हिरवंगार राहिलं, आणि पानच राहिलं. एक वर्ष, दोन वर्षं, नऊ वर्षं. सरूबाई त्याला चमच्यानं पाणी घालत. मास्तर दर पाडव्याला पट्टीनं मोजत. पहिल्या वर्षी त्यांनी पानाच्या कडेला टाचणीनं एक खूण करून ठेवली होती, वाढ कळावी म्हणून. नऊ वर्षांनी खूण तिथंच आणि पानही तेवढंच. इतक्या वर्षांत माझे सगळे विद्यार्थी पास झाले, हे एकच राहिलं, असं मास्तर म्हणायचे.

*

पुढचा किस्सा मला सांगायचा नसतो, पण तो गाळला तर पुढचं कळत नाही.

गंगाक्काचे यजमान, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, त्यांचं ऑपरेशन मिरजेला करायचं ठरलं. चार महिन्यांचा मुक्काम. जाताना गंगाक्कानं घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि वेल दाखवून म्हणाली, महिन्यातून दोनदा, तेही चमच्यानं.

मला वाटलं, अण्णांच्या काळजीनं तिला भान नाही. दिवस उन्हाळ्याचे, बीदरची लाल माती तापून निघालेली, आणि चमच्यानं पाणी? मी रोज अर्धा तांब्या घातला. पानं पिवळी पडली. मला वाटलं तहान लागली असेल. मी पूर्ण तांब्या घातला.

हुक्क्याच्या बुडाला खाली भोक नसतं, हे मला चौथ्या महिन्यात कळलं. मी ते तिरकं केलं तेव्हा काळं, कुजकं पाणी निघालं आणि त्याबरोबर अख्खी वेल हातात आली. मी तिथंच खाली बसून रडले. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याची आई मारून.

गंगाक्का परत आली. अण्णा चालत घरात शिरले, ही आनंदाची गोष्ट होती, पण माझं तोंड बघून तिनं आधी खिडकीकडे पाहिलं. मला वाटलं ती शिव्या देईल. ती रिकामं बूड पदरानं पुसत राहिली, आणि पुसता पुसता म्हणाली, "लई पाणी घातलीस. तुझा जीव मोठा हाय, शकू."

शिव्या दिल्या असत्या तर मी जेवले असते त्या दिवशी.

*

आता तुम्ही म्हणाल, तुझ्याकडे वेल होती, आपाकडे होती, द्यायची एक फांदी परत. द्यायची कशी? दिलेली वाढत नाही.

मग आम्ही चहा टाकायला सुरुवात केली. पुढचे दोन मंगळवार कौदीची बैठक आम्ही माझ्याकडे भरवली. मी आत जाऊन इतका वेळ बसले की सासूबाईंनी विचारलं, कामून बसलीस गं इथं, बाहेर माणसं हायती ना? गंगाक्कानं पानालाही हात लावला नाही. आपाच्या घरीही तेच.

शेवटी ती म्हणाली, "ती माझीच वेल हाय. आपलीच वस्तू आपण उचलली तर ती चोरी कसली? वेलीला कळतंय."

आपानं हा पेच घरी नेला आणि जेवताना एका अशिलाचा म्हणून वकीलसाहेबांपुढे टाकला. त्यांनी दोन घास खाऊन निकाल दिला, आणि तो आपानं पुढच्या मंगळवारी आम्हाला ऐकवला. ज्याची चोरीला गेली त्यानं आपली वस्तू परत उचलली तर तो चोर नव्हे. मात्र आपल्या हातानं, राजीखुशीनं जे दिलं, ते दुसऱ्याचं झालं. ते उचललं तर चोरीच.

म्हणजे गंगाक्काचंच खरं, असं म्हणून आम्ही माना हलवल्या आणि सुईत दोरा ओवायला लागलो. गंगाक्काची सुई मात्र बराच वेळ कापडात तशीच अर्धी राहिली होती.

*

पंधरा दिवसांनी सरूबाई रडत आल्या. कप जागेवर होता, पान नव्हतं. मास्तरांनी उंदीर ठरवला होता. नऊ वर्षं जपलेलं पान! गंगाक्का घाईनं चहा टाकायला गेली. त्या दिवशी चहात साखर दुप्पट पडली होती.

पुढच्या वर्षी काही घडलं नाही. त्याच्या पुढच्या चैत्रात आम्ही मंगळवारी सोप्यात शिरलो तर खिडकीत तेच काळं बूड, आणि त्यातून हातभर वेल वर गेलेली. इतके दिवस ती गंगाक्काच्या स्वयंपाकघरात होती, जिथं आम्ही कुणी जात नसू. वेलीच्या तळाशी एक जुनं जाड पान. त्याच्या कडेला टाचणीची खूण.

मी पाहिली. आपानं पाहिली. सरूबाईंनी तर जवळ जाऊन, वाकून पाहिली. मग त्या गंगाक्काकडे वळल्या. गंगाक्काला मी इतकी खाली मान घातलेली कधी बघितली नव्हती.

"मी चहा टाकायला जाते," गंगाक्का म्हणाली, आणि गेली.

आपा आणि मी कौदीत नाक खुपसलं. मग कात्रीचा आवाज झाला. मग धावणारी पावलं आणि दाराची कडी.

गंगाक्का बाहेर आली. चूल तिनं पेटवलीच नव्हती. वेलीचं टोक गेलेलं होतं, दोन पेरं, बरोबर जिथं कापायचं तिथंच. आणि उंबऱ्यात सरूबाईंच्या चपला तशाच पडलेल्या. बाहेर चैत्राचं ऊन, मैलूर कोसभर.

मी चपला घेऊन मागे धावायला उठले, तर गंगाक्कानं माझा हात धरला.

"नगं नेऊस. नेलीस तर तिला कळंल, आपण बघितलं म्हणून."

त्या चपला गंगाक्काच्या उंबऱ्यात चार वर्षं होत्या. दर मंगळवारी सरूबाई यायच्या आणि त्यांच्या शेजारी आपल्या नव्या चपला काढून ठेवायच्या.